जुने 'येडे' जपानी पिक्चर परदेशात खपवणारे: उपकार की उपद्रव?

फिल्मी_किडा (धागाकर्ता)

गोडझिलाच्या धाग्यावर कुणीतरी पिंक टाकली होती की ब्लू-रे काढणाऱ्या ह्या अमेरिकन-ब्रिटिश कंपन्या जुन्या जपानी सिनेमाचं विचित्र-विचित्र म्हणत प्रदर्शन मांडतात, त्याला सिनेमाप्रेम म्हणू नका. तिथे विषय भरकटला म्हणून वेगळा धागा.

माझं मत, खपवू देत. पोस्टरवर काय वाट्टेल ते छापू देत. सेइजुन सुझुकी घ्या. निक्कात्सु स्टुडिओचा पगारी दिग्दर्शक, 1956 ते 67 मध्ये चाळीस पिक्चर, बहुतेक डबल बिलमधले (एका तिकिटात दोन पिक्चर) दुय्यम. 1967 मध्ये त्याने 'ब्रँडेड टू किल' काढला, हिरो सुपारी घेणारा, धंद्यातला तीन नंबरचा किलर, आणि त्याला शिजत्या भाताच्या वासाचा नाद! कंपनीचे अध्यक्ष होरी भडकले, असले न कळणारे पिक्चर आम्हाला नकोत म्हणून 1968 ला सुझुकीला काढून टाकलं. तो कोर्टात गेला, 1971 ला तडजोड झाली, पण पुढचा पिक्चर मिळायला 1977 उजाडलं. आज तोच पिक्चर जगभर रिस्टोअर करून दाखवतात, आणि अमेरिकन दिग्दर्शक जिम जार्मुशने 'घोस्ट डॉग' मध्ये बेसिनच्या पाइपातून गोळी झाडायची आयडिया सरळ तिथून उचलली.

किंवा 'हाऊस' घ्या, 1977, तोहो स्टुडिओ. सात शाळकरी मुली सुट्टीत एकीच्या मावशीकडे जातात आणि घर त्यांना एकेक करून गिळतं, पियानोसुद्धा मुलगी खातो. दिग्दर्शक नोबुहिको ओबायाशी जाहिरातवाला (हॉलिवूडच्या चार्ल्स ब्रॉन्सनची ती मॅन्डम कॉस्मेटिक्सची जाहिरात त्याचीच), गोष्टीतल्या निम्म्या कल्पना त्याच्या लहान मुलीने सुचवलेल्या. अमेरिकेत तीस वर्षं कुणाला पत्ता नव्हता, मग जानस फिल्म्स ह्या वितरकाने थिएटरात आणला, रात्री बाराचे शो, भगव्या रंगातलं मांजराचं पोस्टर, 2010 ला क्रायटेरियन ह्या अमेरिकन कंपनीची डिस्क. लोक मांजर बघून आत गेले. गेले ना पण?

आणि तेरुओ इशीचा 'हॉरर्स ऑफ मालफॉर्म्ड मेन', 1969 चा. तो जपानमध्ये कित्येक वर्षं व्हिडिओवर आलाच नाही, अमेरिकेत 2007 लाच डीव्हीडी निघाली. घरचे हात लावत नसतील तर बाहेरच्यांनी उचललेलं काय वाईट?

खवचट_आजोबा

किड्या, गोष्ट अर्धीच सांगितलीस. सुझुकीला काढलं तेव्हा रस्त्यावर कोण उतरलं? टोकियोतल्या एका सिनेक्लबने त्याचे पिक्चर सलग दाखवायचं ठरवलं होतं, होरीने प्रिंट द्यायला नकार दिला आणि त्यावरून विद्यार्थ्यांनी मोर्चे काढले, दिग्दर्शक आणि समीक्षक पण त्याच्या बाजूने उभे राहिले. 1968 मध्ये. जार्मुशची तेव्हा मिसरूड फुटत होती. पुढे 1980 ला 'झिगॉयनरवायझेन' आला, थिएटरवाले घेईनात म्हणून निर्मात्याने हवा भरून उभा करायचा घुमटासारखा तंबू घेऊन गावोगावी दाखवला, तो चालला, आणि किनेमा जुंपो ह्या जपानी सिनेमासिकाने त्याला वर्षाचा सगळ्यात चांगला जपानी पिक्चर ठरवलं. सुझुकी परत उभा राहिला तो जपानी प्रेक्षकांच्या जिवावर. तुमचे ब्लू-रेवाले वरातीमागून घोडं घेऊन आले.

ओबायाशीचं तर त्याहून वाईट. 'हाऊस' तिकडे पोराटोरांनी तेव्हाच उचलून धरला होता, समीक्षकांनी नाकं मुरडली ते सोडा. पण जपानी माणसाला ओबायाशी म्हटलं की ओनोमिची आठवतं. हिरोशिमा जिल्ह्यातलं चढ-उताराचं बंदराचं गाव, त्याचं स्वतःचं, तिथे त्याने 1982, 83 आणि 85 ला तीन पिक्चर केले, आजही लोक ते जिने आणि त्या गल्ल्या शोधत जातात. परदेशात तो काय? पियानोवाला.

आणि ती मावशी कोण आहे हे तू लिहिलंच नाहीस. युद्धावर गेलेला नवरदेव परत येईल म्हणून वाट बघत मेलेली बाई आहे ती. ज्या मुली गिळल्या जातात त्यांना युद्ध म्हणजे काय हे माहीतच नाही. ओबायाशीचा जन्म 1938 चा, शेवटपर्यंत युद्धावरच बोलत राहिला, कॅन्सर शेवटच्या स्टेजला असताना 'हानागातामी' हा युद्धावरचाच पिक्चर केला. आणि तुमच्या रात्री बाराच्या शोमध्ये काय, तर फिदीफिदी. वेडेपणा म्हणून विकलं की प्रेक्षक वेडेपणाच बघून घरी जातो.

पॉपकॉर्न_मोठा

आजोबांना +1. पण त्या मांजराच्या टीशर्टची लिंक कुणाकडे आहे का

लंडनची_मावशी

(मुली गिळणारी नव्हे.)

मी इकडे आले तेव्हा दुकानात टार्टन ह्या ब्रिटिश कंपनीचं एशिया एक्स्ट्रीम नावाचं डीव्हीडीचं लेबल जोरात होतं, 'रिंग', 'ऑडिशन', 'बॅटल रॉयल' सगळं एकाच माळेत, सगळीकडे रक्त नाहीतर केस. कंपनी 2008 ला बुडाली पण ती नजर राहिली. 'बॅटल रॉयल' चा दिग्दर्शक फुकासाकू युद्धात पंधरा वर्षांचा असताना दारूगोळ्याच्या कारखान्यात जुंपलेला होता, मारा झाला की मेलेल्या मित्रांची प्रेतं उचलायचं काम त्याच्यावर आलं, मोठ्यांवरचा विश्वास तिथेच उडाला असं त्याने स्वतः सांगितलंय. सत्तरीला आल्यावर तो शाळकरी मुलांना एकमेकांना मारायला लावणारा पिक्चर करतो यामागे हे आहे, आणि डब्यावर लिहिलंय काय, तर बघा किती एक्स्ट्रीम.

गोडझिलाचंही तेच झालंय हो. 1954 च्या मार्चमध्ये अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्ब फोडला, त्याची किरणोत्सारी राख जपानी मासेमारी बोटीवर पडली, त्याच वर्षी तो पिक्चर आला. 1956 ला अमेरिकनांनी कापाकापी करून मध्ये रेमंड बर नावाचा नट अमेरिकन पत्रकार म्हणून घुसवला, आणि मूळ पिक्चर तिकडच्या थिएटरात रीतसर लागायला 2004 उजाडलं. म्हणजे खपवणाऱ्यांनीच पन्नास वर्षं अडवून धरला.

फिल्मी_किडा

मावशी, 1956 चं पाप 2010 च्या माथी मारू नका. कापाकापी करणारे वेगळे आणि अख्खा पिक्चर नीट सबटायटल लावून देणारे वेगळे. आणि कापाकापीतूनसुद्धा कधी कधी चांगलं निघतं बरं का. 'लोन वुल्फ अँड कब' ह्या सामुराई मालिकेचे पहिले दोन पिक्चर कापून 1980 ला 'शोगन अ‍ॅसॅसिन' केला, इंग्लिश डबिंग, सिंथेसायझर, पोराच्या आवाजात निवेदन, सगळा अत्याचार. तोच पुढे जीझेडए ह्या अमेरिकन रॅपरच्या 1995 च्या रॅप अल्बमवर वाजला, आणि तो ऐकलेली किती पोरं नंतर मूळ सहाही पिक्चर शोधत बसली!

आजोबा, युद्धाचा मुद्दा शंभर टक्के मान्य आहे, पण तो दडवला कुणी? क्रायटेरियनच्याच डिस्कवर ओबायाशीची मुलाखत आहे, त्याची मुलगी आहे, पटकथाकार आहे, वर ओबायाशीचा 1966 चा प्रायोगिक पिक्चरही टाकलाय. मांजरासाठी पैसे दिलेल्या माणसाला हे सगळं त्याच डब्यात मिळतं. बघायचं नसेल तर कंपनी काय कानफटात मारणार आहे?

आणि तुमचा 1983 चा ओनोमिचीवाला पिक्चर, तो टाइम ट्रॅव्हलचा, इंग्लिश सबटायटलसकट ब्लू-रेवर कुणी काढला? थर्ड विंडो नावाच्या लहानशा ब्रिटिश कंपनीने, ओबायाशीने कादोकावा कंपनीसाठी केलेल्या चार पिक्चरच्या बॉक्समध्ये. 'हाऊस' खपला नसता तर हा बॉक्स काढायची हिंमत कुणाची झाली असती?

खवचट_आजोबा

बॉक्स चांगलाय, नाही कोण म्हणतं. पण 2010 ची डिस्क आणि हा बॉक्स यात दशकभराची गॅप आहे आणि त्या काळात म्हातारा जिवंत होता. 2020 च्या एप्रिलमध्ये गेला. तिकडच्या बऱ्याच मृत्युलेखांत पहिलं नाव कुठलं होतं? 'हाऊस'! दार उघडलं म्हणतोस, ठीक, पण उंबऱ्यातच गर्दी केली की आत कोणी सरकत नाही.

तेरुओ इशीबद्दल मात्र तुझं म्हणणं खरं. तिथे जपानी कंपनीचं काहीच कौतुक नाही.

सदाशिव_पेठी

तुम्ही सगळे भांडताय ते अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या प्रेक्षकांवरून. आपलं काय? क्रायटेरियनचं स्ट्रीमिंग चॅनल फक्त अमेरिका आणि कॅनडात चालतं. ब्लू-रेला देशांप्रमाणे रीजनचं कुलूप असतं, त्यांची डिस्क रीजन ए, ब्रिटिश डिस्क रीजन बी, भारत रीजन सी, म्हणजे इथला साधा प्लेअर दोन्हीला नाही म्हणतो. जपानहून मागवली तर बहुतेक वेळा इंग्लिश सबटायटल नसतात आणि किंमत बघून घाम फुटतो. मुबी ह्या स्ट्रीमिंग साइटवर काही येतं, येतं तसं जातं. बाकी फिल्म सोसायटीत वर्षानुवर्षं कुरोसावा आणि ओझू, त्यांच्याबद्दल आदर आहेच, पण सुझुकी लावा म्हटलं की 'गंभीर प्रेक्षकांसाठी नाही' असं उत्तर मिळतं. मला मिळालंय. त्यामुळे परदेशी लोक मांजर छापतात की मशरूम क्लाऊड हा माझ्यासाठी फार पुढचा प्रश्न आहे.

लंडनची_मावशी

पेठी, रीजन फ्री प्लेअर घे आणि मोकळा हो. डिसेंबरात पुण्यात आहे, ओबायाशीचा बॉक्स बॅगेत टाकते. त्या गंभीर प्रेक्षकांनाही बोलाव.

पॉपकॉर्न_मोठा

मावशी एम साईज