खणाच्या कापडाचे लेझर कटिंग: कापड कसे निवडावे?

प्रश्न
नमस्कार. मी घरी शिवणकाम करते. यंदा तोरणांसाठी खणाची कमळे आणि कोयऱ्या लेझरवर कापून घ्यायच्या आहेत. जवळच्या साइनबोर्डवाल्यांकडे सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचे) लेझर आहे. परवा दोन तुकडे कापून पाहिले, तर एकाची कड गुळगुळीत होऊन बंद झाली आणि दुसऱ्याची तपकिरी पडून बोटाला काजळी लागली. दुकानातून दोन्ही खण म्हणूनच आणले होते. असे का झाले असावे?

उत्तर 1
कापडाच्या नावावरून नव्हे, धाग्यावरून निवड करावी. कर्नाटकातील गुळेदगुड्डच्या पारंपरिक खणात रेशीम आणि सूत असे, हल्ली मात्र पॉलिस्टरचा खणही सर्रास मिळतो. पॉलिस्टर साधारण 260 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे कापतानाच कड सांधली जाते आणि धागे सुटत नाहीत. कापूस वितळत नाही, तो जळतो, म्हणून काजळी राहते. कापडाच्या कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा उसवून चिमट्यात धरून वेगवेगळा जाळून पाहा. पॉलिस्टर आक्रसून त्याची कडक गोळी होते, कापूस कागदासारखा जळून मऊ राख होते, आणि रेशमाला जळक्या केसांचा वास येतो.

उत्तर 2
सुती खण टाकाऊ समजू नये. मागून इस्त्रीने फ्युझिंग (उष्णतेने चिकटणारे अस्तर) चिकटवावे, वरून मास्किंग टेप लावावी, वेग वाढवून पॉवर कमी ठेवावी. धुराचे डाग टेपवर राहतात. खऱ्या धातूच्या जरीचे काठ मात्र कात्रीनेच कापा, कारण धातूवरून हा किरण परावर्तित होतो.

उत्तर 3
एक कळकळीची विनंती आहे. तोरणाच्या पाठीला रेक्झिन लावणार असाल, तर ते मशीनवर मुळीच ठेवू नका. बहुतेक रेक्झिनवर पीव्हीसीचा थर असतो आणि तो जळला की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, जो फुप्फुसांना घातक असून मशीनचे लोखंडी भागही गंजवतो. एका कारखान्यात अशाच कामानंतर मशीनच्या रुळांवर चढलेला गंज मी स्वतः पाहिला आहे.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांची आभारी आहे. धागे जाळून पाहिले. काजळी लागलेल्या तुकड्याच्या उभ्या धाग्याची गोळी झाली, आडवा कागदासारखा जळला. म्हणजे ते मिश्र कापड निघाले. त्याला फ्युझिंग लावून पुन्हा कापून पाहते. रेक्झिनऐवजी पाठीला कॅनव्हास लावेन.