गेरनंतर डोळे लाल: मेडिकलवाल्याने अँटिबायोटिक थेंब द्यावेत का?

रामबागवाली
इंदूरची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, झाली की दुसऱ्या दिवशी राजवाड्याभोवतीच्या मेडिकलवर हीच गर्दी: "भैया, आंख लाल है, कोई ड्रॉप दे दो." भैया मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकची बाटली काढून देतो, डॉक्टरच्या चिठ्ठीचं नावही काढत नाही. हे बंद व्हायला हवं. रंगाने डोळे चुरचुरतात ते जंतूंमुळे नव्हे. स्वच्छ पाण्याने भरपूर धुवायचे. तरीही दुखत असेल किंवा धुरकट दिसत असेल तर डॉक्टर गाठायचा. २०२३ च्या पावसाळ्यात देशभर डोळे आले तेव्हा तरी काय झालं? ती साथ बहुतांशी विषाणूची, तिथे अँटिबायोटिकचा काय उपयोग! आठवड्यात डोळे आपोआप बरे झाले नि श्रेय बाटलीला मिळालं.

सुदामानगरकर
ताई, बाटली शंभराची आणि डॉक्टरची फी पाचशे. माझ्या दुकानात रोजंदारीवर पोरं आहेत. एम. वाय. या सरकारी इस्पितळात पावती नाममात्र असेल, पण रांगेत अर्धा दिवस गेला की अर्धी मजुरी गेली. ते कोण भरून देणार? आणि ब्रिटनमध्ये २००५ पासून क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकचे थेंब फार्मासिस्ट चिठ्ठीशिवाय देतोच की. तिथे कुणाचे डोळे गेले?

रामबागवाली
तिथला फार्मासिस्ट आधी विचारतो: लेन्स लावता का, दुखतं का, उजेड सहन होतो का. आपल्याकडे काउंटरवरचा पोरगा विचारतो, "छोटी दूं के बड़ी?"

दवाबाजार
मी काउंटरवरच बसतो, म्हणून सांगतो. खरी भीती साध्या अँटिबायोटिकची नाही, 'डी'ची आहे. तेच नाव, तसंच खोकं, फक्त शेवटी 'डी' किंवा 'डीएक्स'. म्हणजे आत डेक्सामेथासोन, स्टेरॉइड. लाली एका दिवसात उतरते, गिऱ्हाईक खूश, पुढच्या वेळी रिकामं खोकं आणून म्हणतो "यही देना". महिनोन्‌महिने घातलं तर डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदू होतो.
आणि मार्चमध्ये गहू कापणीला आलेला असतो हे विसरू नका. डोळ्यात भुसा गेलेला माणूस सांवेर-देपालपूरहून येतो. बुबुळावर ओरखडा, त्यात बुरशी. बुरशीला मॉक्सिफ्लॉक्सॅसिन लागू पडत नाही, तिला नॅटामायसिनसारखं औषध लागतं. त्यात स्टेरॉइड घातलं तर जखम आणखी पसरते. बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर मी बाटली देत नाही, गिऱ्हाईक शिव्या देऊन शेजारच्या दुकानात जातो.

सुदामानगरकर
मग शेजारचा देतोच ना! म्हणजे चिठ्ठीच्या नियमाने काय साधलं? त्यापेक्षा जनऔषधीत स्वस्त मिळतं ते सांगा लोकांना.

लोकमान्यनगर_काका
स्वस्ताचं कौतुक पुरे. चेन्नईच्या कंपनीचे थेंब २०२३ मध्ये अमेरिकेत परत मागवले होते, लोकांची दृष्टी गेली. डोळ्याच्या बाबतीत मी ब्रँडच घेतो.

दवाबाजार
काका, ते कृत्रिम अश्रू होते, तेही ब्रँडच्या नावानेच विकलेले. जेनेरिकवर त्याचं खापर फोडू नका. पैसे वाचवायचे तर वापर नीट करा. डोळ्यात एकच थेंब मावतो, दुसरा गालावरून ओघळतो. लोक तीन-तीन थेंब पिळतात आणि आठवड्यात बाटली संपली म्हणून ओरडतात. बाटलीचं टोक पापणीला लावू नका. आणि उघडून महिना झालेली बाटली फेका, फ्रीजमध्ये पुढच्या गेरसाठी जपून ठेवू नका. घरात चौघांना एक बाटली तर मुळीच नको.

सुदामानगरकर
बरं, भिया, आणि रात्री दहाला डोळा ठणकायला लागला तर?

दवाबाजार
एम. वाय. ची कॅज्युअल्टी रात्रभर उघडी असते. माझं दुकान नसतं.