ऑस्ट्रेलियन बाभळीच्या छाटणीबाबत मदत हवी आहे
नमस्कार. नागपुरात आमच्या घरामागे काळ्या मातीत ४ वर्षांपूर्वी लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ आता गच्चीपर्यंत पोहोचली आहे. रोप असताना तिला आपल्या बाभळीसारखी बारीक संयुक्त पाने होती. आता मात्र चपटे झालेले देठच पानांचे काम करतात आणि कानासारख्या पिळदार शेंगा अंगणभर पडतात. हे झाड मूळचे उत्तर ऑस्ट्रेलिया, पापुआ न्यू गिनी व इंडोनेशिया येथील दमट प्रदेशांतले, नदीकाठी आणि किनाऱ्यालगत वाढणारे असल्याने, मे महिन्यात ४५ अंशांवर जाणारा आपला उन्हाळा आणि तेव्हा भेगाळणारी जमीन त्याला कितपत मानवेल, याची मला फार काळजी वाटते. गेल्या वळवाच्या वाऱ्यात एक जाड फांदी बुंध्यापासून फाटली. छाटणी कधी व किती करावी, की त्याऐवजी कडुनिंब लावावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.