माशाअल्लाह नुसती दाद नाही

कुणीतरी विचारलंय की माशाअल्लाह म्हणजे नुसतं 'वा, मस्त' का. नाही हो, कौतुक आहेच पण त्यात नजर लागू नये हा भाग पण येतो. कुराणात १८व्या सूरेत (अध्यायात), अल-कहफमध्ये, दोन बागांची गोष्ट आहे, एकजण आपल्या बागेचा तोरा मिरवतो तेव्हा त्याचा सोबती म्हणतो की बागेत शिरताना 'माशाअल्लाह, ला कुव्वता इल्ला बिल्लाह' का नाही म्हणालास, म्हणजे हे सगळं अल्लाच्या मर्जीने, त्याच्याशिवाय ताकद नाही. शेवटी बाग उद्ध्वस्तच होते.

हदीसमधला, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींतला किस्सा तर भारीच. पैगंबरांचे एक सोबती सहल बिन हुनैफ आंघोळ करत होते, दुसरे सोबती आमिर बिन रबीआ त्यांची कांती बघून म्हणाले असली त्वचा पाहिलीच नाही, आणि सहल तिथेच कोसळले! पैगंबर आमिरवरच रागावले, बरकतीची (भरभराटीची) दुआ का नाही केलीस म्हणून. म्हणजे आपल्याच माणसाची, कौतुकाची नजर पण लागते, जळकुटा माणूसच लागतो असं नाही.

तुर्कस्तानात बाळाच्या कपड्याला नजर लागू नये म्हणून निळ्या मण्यासोबत माशाल्लाह लिहिलेली पिन लावतात, ट्रकवर पण लिहितात. मणी मात्र बऱ्याच उलेमांना (धर्मपंडितांना) अजिबात चालत नाही, ते म्हणतात फलक आणि नास या कुराणातल्या शेवटच्या २ सूरा वाचा.