लग्नसराईच्या तोंडावर नवा डेस्कटॉप: आताच जुळवावा की रॅमचे भाव उतरेपर्यंत थांबावे?

मूळ मांडणी (दारव्हा तालुका)

लग्नाचे चित्रीकरण आणि त्याचे संपादन हा माझा व्यवसाय आहे. सध्याच्या संगणकात इंटेलचा सातव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर आहे. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो बसत नाही आणि विंडोज १० चे नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. नवा संगणक जुळवण्याचे ठरवले त्याच सुमारास रॅमचे भाव भडकले. जगातील बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, एआयच्या डेटा सेंटरांकडून त्यांना प्रचंड मागणी आहे, आणि मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये किरकोळ ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे ‘अजून थांबा’ हाच सल्ला सगळीकडून मिळतो. मला तो पटत नाही.

यंदा (२०२६) अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आहे. अधिक महिन्यात आपल्याकडे लग्ने लावत नाहीत, म्हणून एरवी जूनपर्यंत पसरणारी कामे अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात दाटून येणार आहेत. तेव्हा संगणक रखडला तर रॅमवर वाचवलेले पैसे काय कामाचे?

माझी निवड अशी आहे: इंटेलचा बाराव्या पिढीचा आय-फाइव्ह १२४०० प्रोसेसर, डीडीआर-४ (रॅमची आधीची पिढी; डीडीआर-५ ही नवी) चालवणारा मदरबोर्ड आणि साठवणीसाठी नवी वेगवान एनव्हीएमई एसएसडी. बाराव्या पिढीचे प्रोसेसर डीडीआर-४ आणि डीडीआर-५ दोन्ही चालवतात, कोणती ते बोर्डावर ठरते. त्यामुळे जुन्या संगणकातील आठ-आठ जीबीच्या दोन्ही स्टिक तशाच वापरता येतील. दुसरे कारण माझ्या कामाचे आहे. आताचे कॅमेरे एच.२६५ या आटोपशीर स्वरूपात १०-बिट, ४:२:२ असे जास्त रंगतपशिलाचे चित्रीकरण करतात आणि अशा क्लिप टाइमलाइनवर ओढल्या की जुना संगणक अडखळतो. इंटेलच्या बाराव्या पिढीतील अंतर्गत ग्राफिक्स (प्रोसेसरमध्येच असलेला चित्र हाताळणारा भाग) त्या स्वतः उलगडते, म्हणजे डीकोड करते. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत ही सोय २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. म्हणून प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर नको, कारण त्यात अंतर्गत ग्राफिक्सच नसते.

प्रतिसाद (हिंगणघाट)

भाऊ, ४:२:२ चा मुद्दा मान्य आहे, परंतु बाकी निवड मला घाईची वाटते. १२४०० ज्या सॉकेटवर (बोर्डावरील प्रोसेसरच्या खाचेवर) बसतो त्यावर बारावी, तेरावी आणि चौदावी या पिढ्या आल्या आणि २०२४ मध्ये इंटेलने पुढील डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी सॉकेटच बदलले. म्हणजे आज घेतलेल्या बोर्डाला पुढची वाट नाही. याउलट इंटेलची स्पर्धक एएमडी हिचे एएम-५ हे सॉकेट २०२२ मध्ये आले आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही ते चालवण्याचे कंपनीने सांगितले आहे. त्याआधीच्या एएम-४ सॉकेटवाल्यांनी २०१७ मध्ये घेतलेल्या अनेक बोर्डांवर बायोस (बोर्डाची मूळ प्रणाली) अद्ययावत करून २०२२ चा ५८०० एक्स-थ्री-डी प्रोसेसर बसवला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

शिवाय सातव्या पिढीच्या संगणकातील रॅम फार तर २४०० वेगाची असणार. १६ जीबीमध्ये फोर-के संपादन आजही कोंडते, आणि उद्या वाढवायची म्हटले तर डीडीआर-४ सुद्धा महागच आहे, कारण कंपन्यांनी तिचे उत्पादनच आवरते घेतले आहे. माझे मत असे की ही लग्नसराई जुन्याच संगणकावर काढावी: रात्री प्रॉक्सी फाइल (मूळ क्लिपच्या हलक्या प्रती) तयार होऊ द्याव्यात आणि दिवसा त्यांवर संपादन करावे. नोंदणी केल्यास विंडोज १० साठी सुरक्षा अद्यतने ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. अधिक महिन्यात हाताला काम नसेल, तेव्हा निवांतपणे एएम-५ जुळवावे.

मूळ लेखक

दादा, प्रॉक्सीचा उपाय शहरात शोभतो. आमच्याकडे रात्री लाईट गेली की अर्धवट राहिलेले काम सकाळी पुन्हा लावावे लागते आणि तेवढ्यात वरपक्षाचा फोन येतो. एएम-५ ला डीडीआर-५ च लागते, म्हणजे आज ज्या वस्तूचा भाव सर्वांत चढलेला आहे तीच वस्तू पूर्ण नवी घ्यावी लागणार. त्यातच एएमडीच्या रायझन प्रोसेसरांचे अंतर्गत ग्राफिक्स ४:२:२ उलगडत नाही, म्हणून त्या सोयीसाठी वेगळे कार्ड आलेच. पुढची वाट मोकळी राहावी यासाठी आजचा एवढा खर्च मला झेपणारा नाही. २४०० चा वेग कमी पडेल हे खरे, पण दाणादाण उडेल इतका नाही.

प्रतिसाद (मोर्शी, संगणक दुरुस्ती)

दोघांच्याही हिशेबात एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि यूपीएस (लाईट गेल्यावर बॅटरीवर वीज देणारे यंत्र) यांचा उल्लेख नाही, म्हणून लिहितो. माझ्याकडे येणाऱ्या संगणकांत प्रोसेसर बिघडल्याचे क्वचितच आढळते. जळालेले असतात ते कॅबिनेटबरोबर आलेले स्वस्त एसएमपीएस, आणि जाताना ते कधी बोर्डही घेऊन जातात. ॲक्टिव्ह पीएफसी (विजेचा वापर सुधारणारे सर्किट) असलेले चांगले एसएमपीएस साधारण १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, त्यामुळे संध्याकाळी दाब उतरला तरी तग धरतात. मात्र साध्या यूपीएसमधून बॅटरीवर निघणारी वीज शुद्ध साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी सलग लहर) नसते आणि असे काही एसएमपीएस तिच्यावर आल्याक्षणी बंद पडतात. दोन्ही एकत्र जोडून, भिंतीवरचे बटण बंद करून दुकानातच पाहावे. आर्थिंग तपासल्याशिवाय तर काहीच जोडू नये.

दुसरी गोष्ट उन्हाची. इंटरनेटवरील चाचण्या बहुधा २०–२५ अंशांच्या खोलीत होतात. आपल्या खोलीत मे महिन्यात ४० अंश असतील तर त्याच कामाला प्रोसेसर १५–२० अंशांनी अधिक तापणार. बरेच रायझन ७००० प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत. चाचणीत दिसणारा वेग त्यांनी इथेही द्यावा ही अपेक्षा चुकीची आहे. १२४०० त्या मानाने थंड चालतो. एअर कूलरची हवा थेट कॅबिनेटवर सोडू नये, कारण पाण्याचे बारीक तुषार आणि क्षार बोर्डावर बसतात. कापसाच्या दिवसांत पंख्याच्या जाळीवर तंतूंचा थर साचतो, तो पंधरवड्याने झटकावा.

प्रतिसाद (पुसद)

नवाच का हवा? कार्यालयांतून निघालेले आठव्या पिढीचे आय-फाइव्ह संगणक अमरावती-नागपुरात सहज मिळतात, विंडोज ११ ला चालतात आणि त्यात डीडीआर-४ असतेच.

मूळ लेखक

बिलिंगसाठी किंवा सेवा केंद्रासाठी मी हाच सल्ला देईन. आठव्या पिढीतील ग्राफिक्स मात्र ४:२:२ उलगडत नाही, आणि माझी अडचण नेमकी तीच आहे.

मोर्शीच्या भाऊंचे म्हणणे पूर्ण पटले. दुसऱ्या एसएसडीसाठी ठेवलेली रक्कम आता चांगला एसएमपीएस आणि शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस यांवर जाईल.

प्रतिसाद (हिंगणघाट)

एसएमपीएस आणि यूपीएस पुढच्या संगणकालाही चालतील, त्यामुळे त्यावरील खर्चाला माझा विरोध नाही. बोर्डाबद्दल मात्र माझे मत कायम आहे. निदान चार स्लॉटचा घ्या; दोन स्लॉटच्या स्वस्त बोर्डात रॅम वाढवायची वेळ आली की जुन्या स्टिक काढून टाकाव्या लागतील.

मूळ लेखक

चार स्लॉटचाच घेतो. पुढच्या आठवड्यात नागपूरला सीताबर्डीत जाऊन चौकशी करणार आहे. तिथे डीडीआर-४ चा चार स्लॉटचा बोर्ड मिळाला नाही, तर तुमच्या पर्यायाचा पुन्हा विचार करीन.