सायटेशनच्या आकड्यांवरून संशोधकाची थोरवी ठरते काय?

निमित्तमात्र:
निवृत्त होत असलेल्या एका जीववैद्यकीय संशोधकांवर काल जो गौरवलेख आला, त्यात त्यांनी नेमके काय शोधले याला एक ओळ आणि सायटेशन (इतर पेपरांत आलेले उल्लेख), एच-इंडेक्स (संशोधकाच्या किती पेपरांना निदान तितकीच सायटेशन मिळाली, हा आकडा) व इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधील पेपरांना मिळणारी सरासरी सायटेशन) यांना तीन परिच्छेद दिलेले आहेत. शेवटी ‘आकडे बोलले की वाद संपतो’ असा शेरा आहे, आणि तो वाचून गप्प बसवले नाही. जीवरसायनशास्त्रज्ञ ऑलिव्हर लाउरी यांच्या प्रथिने मोजण्याच्या पद्धतीवरील १९५१ च्या पेपरला तीन लाखांहून अधिक सायटेशन मिळाली. तरी तो फार थोर पेपर नव्हे, हे खुद्द लाउरीच सांगत. उलट जीवरसायनशास्त्रज्ञ कॅटलिन कारिको यांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९९५ मध्ये खालच्या पदावर आणले, आणि ड्रू वाइसमन यांच्यासह २००५ मध्ये त्यांनी लिहिलेल्या ज्या पेपरच्या आधारावर पुढे कोविडच्या एमआरएनए लसी उभ्या राहिल्या, त्याकडे सुरुवातीला फारसे कोणी फिरकले नाही. नोबेल २०२३ चे. मधल्या काळात आकडे काय बोलत होते?

आकडेमोड्या:
कारिको यांचे नाव आल्याशिवाय असा एकही वाद पुढे सरकत नाही. ज्यांच्याकडे झालेले दुर्लक्ष योग्यच होते, अशा असंख्य पेपरांची यादी मात्र कोणी देत नाही. होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये एच-इंडेक्स सुचवला तो एकाच गाजलेल्या पेपरवर कोणी आयुष्यभर मिरवू नये, याचीही सोय करणारा. लाउरींचा तो तीन लाखांचा पेपर त्या हिशेबात एकच पेपर म्हणून मोजला जातो. मी निवड समितीवर बसलो आहे. आकडे नव्हते तेव्हा गुणवत्ता पाहिली जात होती, हा भ्रम आहे. तेव्हा संचालकांचा विद्यार्थी कोण, एवढेच पाहिले जात असे, आणि बाकीचे अर्ज फाइलीतून बाहेरही निघत नसत.

चौथा लेखक:
आपण दोघेही सायटेशन कोणाच्या खात्यावर जमा होतात, हा प्रश्न सोडून बोलत आहात. माझ्या पहिल्या पेपरसाठी कित्येक महिने वेस्टर्न ब्लॉट (नमुन्यातील प्रथिने ओळखण्याची चाचणी) मी केले आणि शेवटचे लेखक म्हणून, म्हणजे कामाच्या प्रमुखाच्या मानाच्या जागी, नाव लागले विभागप्रमुखांचे. त्यांच्याकडून मसुद्यावर एकच दुरुस्ती आली: त्यांच्या नावातील मधले आद्याक्षर राहून गेले होते. अशा प्रत्येक पेपरगणिक त्यांचा एच-इंडेक्स वाढत गेला, तो आता त्यांच्या कर्तृत्वाचा पुरावा म्हणून दाखवला जातो.

प्रयोगशाळाप्रमुख:
ही रड आता ऐकवत नाही. ज्या अँटिबॉडीवर आपले ब्लॉट उमटले, ज्या उणे ८० अंशांच्या फ्रीझरात आपले नमुने होते, ज्या नीतिमत्ता समितीची परवानगी होती, ते सगळे आकाशातून पडले होते काय? अनुदानाचे अर्ज रात्र रात्र जागून लिहायचे, नाकारले गेले की पुन्हा लिहायचे, समीक्षकांचे टोमणे सोसायचे, आणि पुढे आपल्याच माजी विद्यार्थ्याकडून ‘नावापुरता लेखक’ हे बिरुद घ्यायचे!

चौथा लेखक:
वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने केवळ निधी मिळवून देणाऱ्याला लेखक मानू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यांची जागा आभारात. आपण काढलेला अर्थ मी लिहिलेलाही नव्हता, तरी तो आपल्याला इतका लागला, याची नोंद घेतो.

निमित्तमात्र:
श्रेय घेणाऱ्यांनी दोषही घ्यावा, मग हवे तर शेवटचे नाव लावावे. अल्झायमरवरील २००६ चा ‘नेचर’मधील पेपर प्रतिमांमधील फेरफारामुळे २०२४ मध्ये मागे घेण्यात आला; तोवर त्याला दोन हजारांहून अधिक सायटेशन मिळाली होती आणि कित्येक प्रयोगशाळांनी त्याच्यामागे वर्षे घालवली होती. ती सायटेशन कोणाच्या खात्यातून वजा झाली, हे आकडेमोड्यांनी सांगावे.

आकडेमोड्या:
मागे घेतलेले पेपर वजा करावेत, हे मान्य. यासाठी एवढे रक्त आटवण्याची गरज नव्हती. उपायही आहेत. जॉन आयोनिडिस आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, सर्वाधिक सायटेशन मिळवणाऱ्या शास्त्रज्ञांच्या यादीत स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वगळून क्रम पाहता येतो, आणि एकट्याने लिहिलेल्या, पहिल्या व शेवटच्या लेखकाच्या पेपरांना त्यात वेगळे वजन आहे. लेखक-यादीतील गर्दीवर उतारा यापेक्षा आणखी काय हवा?

चौथा लेखक:
उत्तम उतारा! शेवटच्या जागेला जादा वजन म्हणजे विभागप्रमुखांची बढती आणि मधल्या माणसांची हकालपट्टी, तीही शास्त्रशुद्ध.

प्रयोगशाळाप्रमुख:
मध्ये राहायचे नसेल तर ब्लॉट झाल्यावर मसुदा लिहायलाही बसावे लागते.

चौथा लेखक:
मसुदा मीच लिहिला होता. त्यातील पद्धती आणि निष्कर्ष हे दोन्ही भाग छापील पेपरमध्ये जसेच्या तसे माझ्या वाक्यांत आहेत.