लातूरच्या उन्हाळ्यात सहा क्लाऊनफिश आणि अ‍ॅनिमोनी : गट टिकेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लातुरात गोड्या पाण्याचे टँक पुष्कळ घरांत आहेत, पण खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणारं ओळखीत कुणी नाही, म्हणून इथे विचारते आहे. प्रश्न दोन आहेत आणि ते एकमेकांत अडकलेत. सहा क्लाऊनफिशचा (पांढऱ्या पट्ट्यांचे छोटे समुद्री मासे) गट असाच एकत्र राहू द्यावा का? आणि त्यांच्यासाठी अ‍ॅनिमोनी (दंश करणाऱ्या भुजांचा समुद्री जीव, समुद्रात हे मासे तिच्यात राहतात) आत्ता आणावी की पाऊस पडेपर्यंत थांबावं?

टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी साधारण अडीचशे लिटर. खाली सम्प (गाळणीचा दुसरा टँक), त्यात पाण्यातली घाण फेसासोबत काढणारा स्किमर. आत पाणी फिरवणारे दोन वेव्हमेकर. लावून वर्ष होत आलं. सॅलिनिटी (खारेपणा) १.०२५, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १० च्या आत. खडक सगळे कोरडे आणि सिरॅमिकचे आहेत. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये येतात, त्यामुळे समुद्रातून काढून आणलेलं काहीही मला टँकमध्ये नको आहे.

मासे ऑसेलारिस जातीचे, टँकमध्येच पैदास झालेले. पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने थर्माकोलच्या डब्यात आले. सहाही जण एका मापाचे, बोटाच्या पेरापेक्षा लहान, आणि सगळे एकाच दिवशी पाण्यात सोडले. बरेच दिवस छान चाललं होतं. रात्री सगळे एकाच कोपऱ्यात अंगाला अंग लावून झोपायचे. मला जोडी न ठेवता गट ठेवायचा आहे तो यासाठीच. त्यांचं एकमेकांशी जे काही चालतं ते बघताना माझी संध्याकाळ कशी जाते कळत नाही.

आता मात्र उतरंड लागली आहे. क्लाऊनफिशची सगळी पिल्लं आधी नर असतात. गटातला सगळ्यात मोठा मासा मादी होतो, दुसऱ्या क्रमांकाचा तिचा जोडीदार, आणि बाकीचे खाली थांबून राहतात. मादी मेली तर तिचा नर मादी होतो आणि खालचा एक वर सरकतो. आमच्याकडे एक मासा बाकीच्यांपेक्षा ठळक मोठा झालाय. तो जवळ आला की मधले तिघे आडवे होऊन अंग थरथरवतात. ही माघार आहे एवढं मला कळतं. दोन नंबरचा त्याच्या मागेमागे असतो. सगळ्यात लहान मात्र पाइपच्या मागे लपून राहतो, शेपटी कुरतडलेली आहे, आणि खाणं टाकलं की सगळ्यांच्या शेवटी बाहेर येतो. त्याच्याकडे बघून जीव तुटतो.

दुकानदार म्हणतात, "अ‍ॅनिमोनी टाका, भांडणं मिटतील." मला ते पटत नाही. अ‍ॅनिमोनी आली की ती मोठ्याचं घर होईल आणि राखायला एक हद्द मिळेल, असं वाटतं. माझं चुकत असेल तर सांगा.

दुसरी काळजी मे महिन्याची. बाहेर ४१-४२ अंश असतात, दुपारी लाइटही जाते. पाण्यावर पंखा लावला की हवा कोरडी असल्यामुळे टँक चांगला थंड होतो, कूलरचं तत्त्व तेच. पण मग पाणी झपाट्याने उडतं, मीठ मागेच राहतं आणि सॅलिनिटी चढते. म्हणून रोज आरओचं गोडं पाणी घालून पातळी भरून काढावी लागते. बोअरचं पाणी जड आहे, ते चालत नाही. आणि आरओचं एक लिटर मिळवायला दोन-तीन लिटर वाया जातं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं ज्या गावाने पाहिलं, त्या गावात हे मनाला लागतं. वाया जाणारं पाणी मी बादल्यांत धरते. फरशी आणि संडासासाठी तेच वापरतो. तरीही विचारते : अ‍ॅनिमोनीसाठी पाणी २५-२७ अंशांवर धरायला आपल्याकडे चिलरशिवाय (पाणी थंड करणारं यंत्र) मार्ग आहे का?

प्रतिसाद, नांदेडहून

ताई, तुमचा अंदाज बरोबर आहे. अ‍ॅनिमोनीने भांडण मिटत नाही. मोठी जोडी ती ताब्यात घेते आणि बाकीच्यांना जवळ फिरकू देत नाही.

समुद्रात एका अ‍ॅनिमोनीवर गट राहतो हे खरं, पण तो कसा राहतो ते बघा. संशोधक पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीत परक्युला क्लाऊनफिशचा (ऑसेलारिसची जवळची जात) अभ्यास केला, २००३ साली तो प्रसिद्ध झाला. खालचा मासा आपली वाढच आवरून धरतो, वरच्यापेक्षा ठरावीक मापाने लहान राहतो, म्हणजे वरच्याला त्याची भीती वाटत नाही. जो हे माप ओलांडतो त्याला हाकलून दिलं जातं. टँकमध्ये आपण पोटभर खायला घालतो, पण हाकललेल्याला जायला जागा कुठे आहे? चार फुटांत तो कोपराच धरणार.

म्हणून सगळ्यात लहान्याला आजच बाहेर काढा. जाळीचा किंवा भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा सम्पमध्ये अडकवा, पाणी तेच राहील, शेपटी भरून येईल. बरा झाल्यावर एकट्याला परत सोडू नका. पाच जण एका नव्या माशावर तुटून पडतात. मग बाकीच्या पाचांवर लक्ष ठेवा. नुसती थरथर आणि थोडी पळापळ असेल तर चालू द्या. पण पाचव्याचे पंख फाटायला लागले तर समजा की गट जोडीकडे चाललाय. तशी वेळ आली तर त्यांना कुठे द्यायचं हे आत्ताच ठरवून ठेवा, तेव्हा धावपळ नको. माझ्याकडे शेवटी जोडीच उरली. बाकीचे ओळखीच्यांकडे दिले, तिथे छान आहेत.

प्रतिसाद, छत्रपती संभाजीनगरहून

मी फक्त अ‍ॅनिमोनीचं सांगते. उन्हाळ्यात आणू नका. तिच्या अंगात सूक्ष्म शैवाल असतं, ते उजेडावर अन्न बनवतं आणि त्यावर ती जगते. पाणी तापलं की ते शैवाल निघून जातं, ती पांढरी पडते आणि हळूहळू उपाशी मरते. मासा ३० अंश काही दिवस काढेल, ती काढेलच असं नाही. मेली तर पाणी पटकन नासतं, आणि तुमचे मासे त्याच पाण्यात आहेत.

जुलै-ऑगस्टमध्ये बबल टिप जातीची अ‍ॅनिमोनी घ्या. कार्पेट अ‍ॅनिमोनी नको, तिला सांभाळणं अवघड आणि ती मासे खाते. भडक पिवळी किंवा गुलाबी दिसली तर रंगवलेली असू शकते, हात लावू नका. तोंड घट्ट मिटलेलं आहे आणि बूड फाटलेलं नाही ना, हे दुकानातच बघा. घरी आणायच्या आधी वेव्हमेकरला स्पंजची किंवा जाळीची टोपी घाला. अ‍ॅनिमोनी जागा शोधत फिरते आणि वेव्हमेकरच्या पंख्यात ओढली जाते. पुष्कळांच्या अ‍ॅनिमोनी अशाच जातात. टँकवरची लाइट चांगली ताकदीची हवी.

आणखी एक. ऑसेलारिस समुद्रात बबल टिपमध्ये राहत नाही, तो राहतो त्या अ‍ॅनिमोनी वेगळ्या. टँकमध्ये बहुतेक वेळा स्वीकारतो, कधी दुसऱ्या दिवशी, कधी महिन्यांनी, कधी नाहीच. नाही गेला तरी त्याचं काही अडत नाही. टँकमध्ये क्लाऊनफिशला अ‍ॅनिमोनीची गरज नसते. लाइट जाते त्या वेळेसाठी बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा, शक्य असेल तर एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर टाका.

धागाकर्तीचं उत्तर

दादा, ताई, मनापासून आभार. लहान्याला डब्यात हलवलं. मगाशी ब्राइन श्रिम्प टाकलं तर लगेच खाल्लं, कुणी आडवं यायला नव्हतं. दुकानदारांना अ‍ॅनिमोनी पावसाळ्यानंतर म्हणून कळवलंय. पाचव्याचं काय होतं ते इथेच लिहीन. एवढंच विचारायचं राहिलं : पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग कमी होईल ना, मग?

प्रतिसाद, छत्रपती संभाजीनगरहून

कमी होईल, पण तेव्हा खोलीच २७-२८ अंशांवर येते, त्यामुळे पंख्याला फार काम उरत नाही. पाणी कमी उडतं म्हणून आरओही कमी लागतं. टँकवर काच झाकलेली असेल तर ती काढून जाळी टाका, लाइटची उष्णता निघून जाईल. थर्मामीटर दुपारी तीनला आणि पहाटे असा दोनदा बघा आणि आठवडाभराचे आकडे इथे टाका. दोन्ही वेळा २७ च्या आसपास राहिलं तर चिलरवर पैसे घालायची गरज नाही, अ‍ॅनिमोनी आणा.